म्हातारीच्या डोंगरावरचे पांढरे दगड

सकाळी नऊ वाजता रेडिओवर वारलेल्या माणसांची नावं सांगतात. कोण, कुठलं, चर्चमध्ये मिस्सा किती वाजता. नॉब्ला ती नावं उभी राहून ऐकायची. हातात ब्रेडचा तुकडा असला तरी उभी. ओळखीचं नाव नसलं तरी उभी.

पोस्टकार्ड वाचल्याशिवाय ती पोचवायची नाही. ‘तुझ्या बहिणीला बॉस्टनमध्ये फार उकडतंय,’ हे फाटकातूनच सांगून टाकायची. मग कार्ड हातात द्यायची.

उकडलेला बटाटा नखानं सोलायची. सुरी लावली की चव जाते, असं तिचं म्हणणं.

कुणाच्या वासराचं कौतुक केलं की त्याच दमात देवाचं नाव घ्यायची. उद्या वासरू आजारी पडलं तर बोल आपल्याला नको.

कुत्र्याशी इंग्रजीत बोलायची आणि मेंढ्यांशी आयरिशमध्ये. कुत्रा नोकर आहे, मेंढ्या घरच्या आहेत, असं काहीसं ती सांगायची.

आणि तिच्या कोटाचा उजवा खिसा डाव्या खिशापेक्षा चार बोटं खाली लोंबायचा. तो तिनं मासे धरायच्या दोऱ्यानं तीनदा शिवला होता.

हे सगळं बार्टलाला पाठ होतं. बार्टला तिचा शेजारी. लेटरगारव गावचा रस्ता जिथे संपतो तिथे दोनच घरं आहेत, एक त्याचं आणि एक तिचं. त्यानं लग्न केलं नाही, तिनंही नाही. गावानं सुरुवातीला दोघांची नावं एकत्र घेऊन पाहिली, मग कंटाळून सोडून दिलं. तो मेंढ्या पाळायचा. ती तीस वर्षं टपाल वाटायची, आधी सायकलवरून, मग हिरव्या गाडीतून, आणि जोडीला बापाच्या चाळीसेक मेंढ्या सांभाळायची.

डोंगरावर जायची वाट बार्टलाच्या फाटकासमोरून जाते. दुसरी वाट नाही. रविवारी मिस्सा आटोपली, जेवण झालं, की नॉब्ला त्या वाटेनं वर जायची. जाताना खिसा लोंबत असे. येताना नसे. खिशात एक पांढरा दगड असायचा, दोन मुठींएवढा. तो वर म्हातारीच्या घरापाशी ठेवून ती रिकामी परत यायची. तेवीस वर्षं तिनं हे केलं.

आणि तेवीस वर्षं बार्टलाला ठाऊक होतं की ती चुकीचे दगड नेते आहे.

म्हातारीचं घर म्हणजे माथ्यावरची दगडांची प्रचंड रास. आत कोणाला पुरलंय ते कुणालाच माहीत नाही. गावात पहिला पाद्री आला तेव्हाही ती जुनीच होती. दंतकथेतली बेराची म्हातारी एप्रनमध्ये दगड घेऊन एका डोंगरावरून दुसऱ्यावर उड्या मारत चालली होती, एप्रनची नाडी तुटली, दगड सांडले, आणि वैतागून ती तिथेच राहिली, असं सांगतात. यावर विश्वास आहे का, असं लेटरगारवमध्ये कुणालाही विचारा, नाही म्हणेल. मग तिथला एक दगड खाली घेऊन येशील का, विचारा. तरीही नाहीच म्हणेल.

फेस्टीनं आणले होते. फेस्टी म्हणजे नॉब्लाचा बाप. ही गोष्ट १९५३ची. नॉब्ला तेव्हा सात वर्षांची होती आणि तिला याचा पत्ता नव्हता. तिला कळलं ते १९८८मध्ये, फेस्टी गेला त्याच्या आदल्या दुपारी. त्यानं तिला पलंगाजवळ बोलावलं आणि म्हणाला, ‘मी म्हातारीच्या घराचे दगड खाली आणले होते. परत नेऊन ठेव.’

‘कुठे आहेत ते?’ तिनं विचारलं.

फेस्टीनं पाणी मागितलं. पाणी प्यायला आणि भिंतीकडे वळून झोपला. सकाळी तो नव्हता.

मग नॉब्लानं आपल्या डोक्यानं शोध लावला. लेटरगारवमध्ये पांढरा दगड कुणी घराला लावत नाही. कुंपणाच्या गडग्यात रचत नाही. होडीत वजनालाही घेत नाहीत. पांढरा दगड मेलेल्यांचा, तो थडग्यावर घालायचा. आणि फेस्टीच्या मेंढवाड्याच्या गडग्यात तर पांढरेच पांढरे दगड होते. ते दुसरीकडून कुठून येणार? म्हातारीच्या घराच्या दाराशीही असेच पांढरे दगड पडलेले दिसतात. झालं. पुढच्या रविवारी तिनं गडग्यातून पहिला पांढरा दगड उपसला आणि खिशात घातला. गावातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं हेच केलं असतं.

फक्त बार्टलानं केलं नसतं. कारण खरे दगड त्याच्या गोठ्यात होते.

खरे दगड पांढरे नव्हतेच. नऊ करड्या शिळा, सपाट, अर्ध्या दाराएवढ्या. फेस्टीनं त्या एकट्यानं आणल्या नव्हत्या. बार्टलाचा बाप कोलमन याला कोकरांच्या गोठ्यासाठी फरशी हवी होती. आदल्या वर्षी फेस्टीचा पाय मोडला होता तेव्हा कोलमननं त्याचं सगळं काम ओढलं होतं. कोलमन म्हणाला, चल. फेस्टी नाही म्हणू शकला नाही. दोघांनी गाढवाला बिनचाकी घसरगाडी जुंपून तीन दिवसांत नऊ शिळा उतरवल्या. त्याच हिवाळ्यात धुक्यात फेस्टीच्या चौदा मेंढ्या कड्यावरून गेल्या. कोलमनची एकही गेली नाही. फेस्टी जो हसरा माणूस होता तो त्यानंतर राहिला नाही.

कोलमननं हे मुलाला एकदाच सांगितलं. गोठ्यात उभं राहून, बुटाच्या टोकानं शिळेवर ठोकत. ‘फेस्टीनं आपलं नाव कुठे काढलं नाही,’ तो म्हणाला. ‘मग आपण कशाला काढायचं?’

नॉब्ला पहिल्यांदा लोंबता खिसा घेऊन फाटकासमोरून गेली तेव्हा बार्टला दारात उभा होता. त्याची आई तेव्हा जिवंत होती आणि आत चुलीपाशी बसली होती. तिच्यादेखत नवऱ्याचं नाव कसं घालवायचं? आई गेली की सांगू, असं त्यानं ठरवलं. आई चार वर्षांनी गेली. तोवर नॉब्लानं दोनेकशे दगड वर नेले होते. आता सांगायचं म्हणजे चार वर्षांचं सांगायचं. तो गप्प राहिला. मग ती सहा वर्षं झाली, मग दहा.

बोलणं व्हायचं ते दुसऱ्याच गोष्टींवरून.

‘नॉब्ला, तुझी ती काळ्या तोंडाची पुन्हा माझ्या गवतात शिरली.’

‘चव कळते तिला.’

‘गडग्याला भगदाडं पडलीत, बाई. तू एक दगड काढतेस आणि वरचे तीन ढासळतात.’

‘मग तू रच की. तुझा बाप कसले सरळ गडगे रचायचा. तुझे हात काय शोभेला दिलेत?’

‘माझ्या बापाचं काय काढतेस?’

‘चांगलंच काढतेय. कौतुक केलं तरी तुला लागतं.’

भगदाडांत तिनं जुन्या पलंगाच्या लोखंडी चौकटी उभ्या केल्या. एका ठिकाणी दार नसलेला फ्रीज होता. येणारेजाणारे फोटो काढायचे. बार्टला ते बघायचा आणि मनात म्हणायचा, आत्ता सांगावं. मग म्हणायचा, ‘पाऊस येईलसं वाटतंय.’

‘येईल की,’ नॉब्ला म्हणायची. ‘कधी आला नाहीये?’

जुलैच्या शेवटच्या रविवारी सगळं गाव डोंगरावर चढतं. तेव्हा रानातली निळी फळं पिकलेली असतात. पोरं तोंडं निळी करून घेतात, मोठी माणसं डबे भरतात आणि मग सगळे म्हातारीच्या घराच्या आडोशाला बसतात. त्या दिवशी नॉब्लाला गोष्ट सांगायला लावायचे. ती आधी नको नको म्हणायची. लोक दोनदा म्हणेपर्यंत थांबायची, तिसऱ्यांदा म्हणायची वेळ येऊ द्यायची नाही.

एका वर्षी तिनं चुलीची गोष्ट सांगितली. बार्टला तिच्यापासून दोन हातांवर होता.

‘एका माणसानं इथला एक सपाट दगड नेला,’ ती म्हणाली, ‘आणि चुलीखाली घातला. चूल झकास पेटायला लागली. पण घर तापेना. ज्वाळा छतापर्यंत, आणि हातपाय गार. बायको शेजाऱ्यांकडे जाऊन बसायला लागली. पोरं तिच्यामागून गेली. मांजर गेली. शेवटी तो एकटाच त्या आगीसमोर घोंगडं पांघरून कुडकुडत बसला. सात वर्षं बसला. मग एका सकाळी उठला, दगड उपटला, पाठीवर घेतला आणि इथे आणून ठेवला. आतून म्हातारीचा आवाज आला.’

‘काय म्हणाली?’ एका पोरीनं विचारलं.

‘म्हणाली, उशीर केलास. चहा गार झाला.’

सगळे हसले. बार्टलाही हसला, एक क्षण उशिरा. नॉब्लानं त्याच्याकडे पाहिलं.

‘काय रे बार्टला, तुला थंडी वाजतेय?’

‘वारं आहे,’ तो म्हणाला.

त्या दिवशी उतरताना तो तिच्या मागे चालत होता. तिच्या खांद्यावर हात ठेवून थांबवायचं, एवढंच करायचं होतं. वाटेत तीन वळणं लागली. तिन्ही वळणांवर त्यानं हात उचलला आणि तिन्ही वेळा डोक्यावरची टोपी सारखी केली.

२०११च्या जूनमध्ये डब्लिनहून सरकारी खात्याची एक मुलगी आली. डर्व्हला तिचं नाव. जुन्या जागांची मोजणी करायची तिची नोकरी. तिनं माथ्यावर तंबू ठोकला, दोऱ्या बांधल्या, आणि आठवडाभर दिवसच्या दिवस गुडघ्यांवर बसून काय काय लिहीत राहिली.

रविवारी नॉब्ला नेहमीसारखी वर गेली. संध्याकाळी चार वाजता ती उतरताना बार्टलाला दिसली. ती फाटकापाशी आली.

खिसा लोंबत होता.

ती थांबली नाही. ‘बरंय’ म्हणाली नाही. कुत्र्याला हाकसुद्धा मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या स्वयंपाकघरात आली, न विचारता बसली. तिनं खिशातून पांढरा दगड काढून टेबलावर ठेवला. बार्टलानं किटली ठेवली. तो तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

‘ती पोर मला म्हणाली, आजी, हे दगड इथले नाहीत,’ नॉब्ला म्हणाली. ‘मी म्हटलं, बाळ, तू इथली नाहीस.’

बार्टलानं कप काढले.

‘मग तिनं एक उलटा करून दाखवला. हे बघ. हे बारीक गोल वळं दिसतंय? समुद्रातला किडा घर करतो तेव्हा उठतं ते. किनाऱ्यावरचे आहेत म्हणे सगळे. तेवीस वर्षं हाताळले मी. मला दिसलं नाही.’

‘डोळे काय सगळ्यांचेच—’

‘थांब. पुढे ऐक. म्हणाली, तुमचा ढीग मी थोडा बाजूला केला तर खाली खाचा निघाल्या. तिथे सपाट शिळा होत्या, उभ्या लावलेल्या. नऊ. कुणीतरी पहारीनं उचकटून नेल्यात.’ ती थांबली. चहा ओतलेला होता, तो तिनं घेतला नाही. ‘बार्टला, तुझ्या कोकरांच्या गोठ्यात खाली काय आहे रे? मी इतकी वर्षं त्या गोठ्यात येते. कधी पेंढ्याखाली पाहिलं नाही.’

तो वळला. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. मग त्यानं सांगितलं. गाढव, घसरगाडी, तीन दिवस, मोडलेला पाय, चौदा मेंढ्या. बापाच्या बुटाचं टोकसुद्धा त्यानं वगळलं नाही. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. इतकंसंच होतं ते, हे पाहून त्याला स्वतःचीच शिसारी आली.

‘तुला कधीपासून ठाऊक?’ तिनं विचारलं.

‘तू पहिला नेलास त्याच्याही आधीपासून.’

तिनं दगडावर तळवा ठेवला. ती आता तो भिरकावणार, असं बार्टलाला वाटलं. भिरकावला असता तर त्यानं डोकं हलवलं नसतं.

‘माझ्या बापानं तुझ्या बापाचं नाव का नाही घेतलं? मरतानाही?’

‘शेजारी होता.’

‘आणि तू का नाही घेतलंस?’

‘लाज वाटली.’

‘तेवीस वर्षं?’

‘आधी थोडीच होती. दर रविवारी वाढत गेली.’

नॉब्लानं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर तिचीच एक मेंढी त्याच्या गवतात होती.

‘मग पांढरे कुठून आले?’ ती म्हणाली.

‘समुद्रावरून तुझ्याच बापानं आणले. कुणी हात लावत नव्हतं, म्हणून फुकट होते. तेव्हा तो असल्या गोष्टींना हसायचा. म्हणायचा, मेलेल्यांना गडग्याची काय गरज, मला आहे.’

नॉब्लाच्या तोंडातून एक आवाज निघाला. बार्टलाला वाटलं, आता ती रडणार. ती हसत होती. टेबलाची कड धरून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

‘म्हणजे तेवीस वर्षं मी म्हातारीच्या दारात समुद्राचा कचरा टाकत होते,’ ती म्हणाली. ‘आणि तिनं एकदाही तोंड उघडलं नाही. ती आणि तू. काय जोडी आहे.’

मग तिनं डोळे पुसले, चहा एका घोटात संपवला आणि उठली.

‘पहार आहे ना तुझ्याकडे?’

‘आत्ता?’

‘मेंढ्या बाहेर आहेत. गोठा रिकामा आहे. कधी, पुढच्या तेवीस वर्षांत?’

बार्टला पुढे कित्येकदा ही सकाळ आठवायचा. पासष्ट वर्षांच्या माणसाला कळतं की आपले सगळे रविवार चुकीच्या जागी गेले, आणि शेजाऱ्याला ते माहीत होतं. अशा माणसानं काय करावं? बार्टला स्वतः तिच्या जागी असता तर अंथरूण धरून बसला असता, नाहीतर त्यानं शेजाऱ्याचं गवत पेटवलं असतं. नॉब्लानं बाह्या वर केल्या. दुपारपर्यंत दोघांनी पेंढा आणि शेण उपसून पहिल्या शिळेची कड मोकळी केली होती. तिनं ती ओल्या फडक्यानं पुसली. वर कोरलेलं काहीतरी होतं, गोलात गोल, गोलात गोल. त्यावर साठ वर्षं कोकरं जन्मली होती.

‘बघ,’ ती म्हणाली. ‘बिचाऱ्या म्हातारीनं तुझ्या मेंढ्यांची किती बाळंतपणं केली.’

डर्व्हला खाली येऊन शिळा पाहून गेली. खात्याची परवानगी यायला सप्टेंबर उजाडला. खातं हेलिकॉप्टर द्यायला तयार होतं. नॉब्ला नको म्हणाली.

‘माणसांनी उतरवल्या. माणसंच नेतील.’

‘एकेक शिळा शंभर किलोंच्या वर आहे, आजी.’

‘आमच्याकडे माणूस मेला की त्याला काय हेलिकॉप्टरनं नेतो का आम्ही? खांद्यावर नेतो. पेटीसकट.’

पण खांदे गोळा करायचे तर गावाला सांगावं लागणार होतं. बार्टलाला झोप लागेना. कोलमन चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा, त्याच्या नावानं गावात शपथ घ्यायचे. रविवारी मिस्सा सुटल्यावर नॉब्ला चर्चच्या फाटकावर उभी राहिली. बार्टला तिच्यामागे, टोपी हातात घेऊन.

‘म्हातारीच्या घराच्या नऊ शिळा माझ्या बापानं खाली आणल्या,’ ती मोठ्यानं म्हणाली. ‘फेस्टीनं. कोलमन बरोबर होता. आता त्या परत न्यायच्यात. ज्याला खांदा आहे त्यानं जेवून यावं.’

तिनं आपल्या बापाचं नाव आधी घेतलं. खरं तर शिळा हव्या होत्या कोलमनला. बार्टलानं मान वर केली नाही.

गुत्तेवाला पॅडी शॉन म्हणाला, ‘कोलमन? तो तर पहिल्या बाकावर बसायचा.’

‘नीट ऐकू यावं म्हणून,’ नॉब्ला म्हणाली. ‘तुझा बाप कुठे बसायचा, पॅडी? शेवटच्या बाकावरही कुणी पाहिला नाही त्याला.’

लोक हसले आणि गोष्ट तिथे संपली. बार्टला ज्याला इतकी वर्षं भीत होता ते एवढंच निघालं.

तीन रविवार लागले. शिळेला खाली दोन वासे बांधले, सहा जण खाली, सहा मोकळे, आणि प्रत्येक वळणावर खांदेपालट. मयत नेताना जसे पाय टाकतात तसे टाकत गेले. कुणी सांगितलं नव्हतं, पण वाटेत कुणी बोललं नाही. बार्टला सत्तरीला आला होता. तरी प्रत्येक शिळेला पहिल्या वळणापर्यंत त्याचा खांदा होता. नॉब्ला पुढे चालायची, सैल दगड पायानं बाजूला सारत. माथ्यावर डर्व्हला एकेक शिळा तिच्या खाचेत उभी करून घ्यायची. सहावी बसेना. ती उलटी फिरवली आणि घट्ट बसली, हलवून हलेना.

शिळा बसवण्यासाठी पांढरा ढीग आधीच दहा पावलं बाजूला सरकवला होता. कंबरेएवढा ढीग झाला होता तो.

‘याची काळजी करू नका,’ डर्व्हला म्हणाली. ‘आमची माणसं येऊन नेतील.’

‘नाही नेणार,’ नॉब्ला म्हणाली. ‘मी नेलेत वर. खाली मी आणणार.’

या डोंगरावरून दगड खाली आणायचा? आत्ताच तर त्यासाठी सगळ्यांनी खांदे सोलून घेतले होते.

‘नॉब्ला,’ बार्टला हळूच म्हणाला, ‘इथून खाली काही आणत नाहीत.’

‘म्हातारीचं आणत नाहीत. हे तिचे कुठे आहेत? हे माझे आहेत. दुसऱ्याच्या दारात आपलं सामान टाकून कोण जातं?’

पुढच्या रविवारी ती रिकामे खिसे घेऊन वर गेली. उतरली तेव्हा दोन्ही खिसे लोंबत होते. डावा खिसाही तिनं शिवून घेतला होता.

दगड ती मेंढवाड्यापाशी टाकायची. सोमवारी बार्टला यायचा आणि रचायचा. हे कुणी ठरवलं नव्हतं असं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यानं विचारलं होतं, ‘मीही आणू का दोन? खिसे मलाही आहेत.’

‘तू नेले होतेस का?’

‘नाही.’

‘मग?’

‘मी तोंड मिटून बसलो होतो. त्याचं काही नको का?’

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. ‘त्याचं तू गडगा रच,’ ती म्हणाली.

त्यानं रचला. बापासारखा सरळ नाही जमला, पण मेंढ्या अडल्या. एकेक करून पलंगाच्या चौकटी निघाल्या, फ्रीज निघाला. नॉब्ला दूध घालून चहा आणायची, गडग्याला टेकून उभी राहायची आणि म्हणायची, ‘इथे पोट आलंय बघ.’

‘पोट तुझ्या दगडांना आहे.’

‘दगडांना नाव ठेवतो. तुझा बाप—’

‘माझ्या बापाचं काढू नकोस.’

‘काढणार. आता काढायला मोकळीक आहे.’

यावर तोही हसायचा. कोलमनचं नाव इतक्या सहज घराबाहेर घेतलं जाताना त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं.

पाच वर्षं ती आणत राहिली. चौथ्या वर्षी गुडघा धरला. मग काठी आली, आणि दोनाऐवजी एकच दगड. डॉक्टरनं डोंगर बंद सांगितला. तिनं डॉक्टरला विचारलं, तुमच्या दाराशी टाकले असते तर? माथ्यावर पोचली की ती आधी शिळांना हात लावून यायची, नऊच्या नऊ. मग ढिगापाशी बसून, कुठला न्यायचा ते निवडायची. सगळे सारखेच होते. तरी निवडायची.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी ती वर गेली होती. फेब्रुवारीत दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या सकाळी गेली. सत्तर वर्षांची होती. लेटरगारवच्या वाटेनं तिला नेताना खांदेपालटाला इतकी माणसं झाली की बार्टलाला आपली पाळी दोनदा मागून घ्यावी लागली.

एप्रिलमध्ये डर्व्हलाच्या खात्याचं पत्र आलं, नॉब्लाच्याच नावावर. नव्या पोस्टवालीनं ते बार्टलाकडे दिलं. उरलेले पांढरे दगड साधारण कधीपर्यंत हलवले जातील, अशी नम्र विचारणा होती. बार्टलानं ते फादरना दाखवलं. फादर म्हणाले, चार पोरं पाठवून उतरवून टाकू. पॅडी शॉन म्हणाला, अजिबात नाही. जिवंत होती तोवर ते तिचे होते, तिनं आणले. आता ते मेलेल्या बाईचे आहेत आणि डोंगरावर आहेत. त्यांना हात कोण लावणार? गुत्त्यात यावर तीन संध्याकाळी वाद झाला. फादर नंतर आग्रह धरेनात.

बार्टला मे महिन्यात एकदा वर जाऊन आला. ढीग मांडीएवढा उरला आहे. सात-आठशे दगड असतील. त्यानं एक उचलला, हातात धरला, आणि जिथला होता तिथे ठेवला.

खाली मेंढवाड्याच्या गडग्यात पश्चिमेच्या कोपऱ्याला चार हातांची जागा मोकळी आहे. पत्राला अजून उत्तर गेलेलं नाही.